टिकास, यारी आणि मिनी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माती खोदणाऱ्या यंत्रांना फार नावं नाहीत. टायरवर चालते ती जेसीबी आणि चेनवर चालते ती पोकलेन. मग तिच्यावर कोणत्याही कंपनीचा शिक्का असो, रंग पिवळा असो की केशरी, आमच्या लेखी ती पोकलेनच. अलीकडे त्यात तिसरं नाव आलं, मिनी. तीन-साडेतीन टनांची, शेताच्या धुऱ्यावरून जाईल एवढ्या अंगाची, आणि वेळ पडली तर क्रेननं विहिरीत सोडता येईल अशी छोटी पोकलेन.

ही नावं कुठून आली हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पोकलेन ही मूळची फ्रान्समधली कंपनी. जॉर्ज बताय नावाच्या माणसानं १९२७ साली ती काढली ती शेतीची अवजारं करायला. तेलाच्या दाबावर खोदणारं यंत्र त्यांनी १९५१ मध्ये केलं. पुढे लार्सन अँड टुब्रोनं तीच यंत्रं परवाना घेऊन भारतात बनवली आणि कंपनीचं नाव यंत्राचं नाव होऊन बसलं. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड हा इंग्लंडचा माणूस. त्यानं १९४५ मध्ये एका लहानशा गॅरेजात पहिली वस्तू केली ती शेतातला माल वाहून उलटवायची ट्रॉली. १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत ती कंपनी हरियाणात बल्लभगडला आली. मिनीला आकार दिला तो जपानी लोकांनी, १९६० नंतरच्या दशकात, अरुंद गल्ल्या आणि लहान शेतं डोळ्यांसमोर ठेवून. म्हणजे ही यंत्रं मुळात शेतीच्या आसपासच जन्मली. आमच्या शेतापर्यंत यायला मात्र त्यांना फार मोठा वळसा पडला.

तोवर आमच्याकडे खोदणं म्हणजे टिकास, फावडं, सब्बल आणि टोपलं. वर हात-दोन हात काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण, अशी आमच्या बहुतेक गावांची जमीन. मुरूम टिकासानं निघतो. पाषाणाला सुरुंग लागतो. विहिरी खोदायला वडार समाजातली माणसं यायची. त्यांच्यातला जुना माणूस घण मारून आधी दगडाचा आवाज ऐके. खणखणीत वाजला तर दगड एकसंध. बद्द वाजला तर आत भेग आहे, म्हणजे छिद्र तिथेच पाडायचं आणि पाणीही बहुधा तिथूनच यायचं. सुरुंग उडाला की फुटलेला दगड यारीनं वर ओढायचा. एक विहीर बांधून उठेपर्यंत दोन उन्हाळे जायचे.

१९७२ च्या दुष्काळाचा जबर तडाखा बसला तो मराठवाड्याला आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या तालुक्यांना. पण कामं आमच्याकडेही निघाली. तेव्हा मुख्यमंत्री होते आमच्याच जिल्ह्याचे, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. मी चार वर्षांचा होतो. आई बांधाच्या कामावर टोपली वाहायची. मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी एवढंच मला त्या दिवसांतलं आठवतं. त्या कामांतूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. १९७७ साली तो झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. हातांना काम द्यायचं हा त्याचा पाया होता. म्हणून त्या कामांवर यंत्र नको असे. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे मी आयुष्यभर दुरुस्त केली ती त्याच हातांचं काम घेणारी यंत्रं. आईनं त्यावरून मला कधी बोल लावला नाही. ती एवढंच म्हणायची, "टोपलं वाह्यलं त्यालेच ठावं, मशीन कावून पायजे ते."

यंत्राची नाडी पाहायला गावानं शिकवलं ते ऑइल इंजिनवर. मोट गेली आणि विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची किर्लोस्कर इंजिनं आली. इंजिन सुरू झालं नाही की आमचे मोठे काका तीन गोष्टी विचारायचे. डिझेल पोचते का? मधात हवा घुसली का? दाब होते का? आधी टाकी, मग फिल्टर, मग पाइपाचा नट सैल करून बुडबुडे काढणं, आणि सगळ्यात शेवटी हेड. याच क्रमानं जायचं, कारण टाकी पाहायला पैसे लागत नाहीत आणि हेड उघडायला लागतात. पुढे मी आयटीआय केलं, वणीकडे वर्कशॉपमध्ये काम केलं, पण एवढी पक्की शिस्त मला दुसऱ्या कोणी दिली नाही.

मोठी यंत्रं आमच्या जिल्ह्यात आली ती धरणांवर आणि खाणींवर. पूस, अरुणावती, बेंबळा या प्रकल्पांच्या मातीकामानं कितीतरी पोरांना ऑपरेटर बनवलं. दुसरीकडे वणी तालुक्यातल्या वेकोलिच्या उघड्या कोळसा खाणी. त्या भागात खाणीतल्या आणि ठेकेदारांच्या गाड्या दुरुस्त करणारी लहान-मोठी वर्कशॉपं उभी राहिली. त्यातल्याच एकात मी १९८८ पासून दहा-अकरा वर्षं होतो. आमच्या उस्तादांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण सर्किटच्या नकाशावर बोट ठेवून ते तेलाची वाट शेवटपर्यंत सांगायचे.

ती वाट अशी. इंजिन पंप फिरवतं. पंप टाकीतलं तेल ओढून व्हॉल्व्हच्या ठोकळ्याकडे ढकलतो. त्या ठोकळ्यातून तेल हव्या त्या सिलिंडरकडे किंवा मोटरकडे जातं आणि काम करून, थंड होऊन, गाळून परत टाकीत येतं. ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब सात-आठ बार असतो. या तेलाचा दोनशेच्या पुढे जातो. आठ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरला दोनशे बार मिळाले तर तो दहा टनांचा रेटा देतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हा नियम पास्कलनं सतराव्या शतकात सांगितला आणि ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं १७९५ मध्ये त्यावर दाबयंत्र केलं. मिनी पोकलेन त्याच घरातली.

आता दोनशे बारचं तेल ऑपरेटरच्या हातातल्या हँडलनं थेट अडवता येत नाही. म्हणून तीस-चाळीस बारची एक धाकटी वाट असते. तिला पायलट म्हणतात. हँडल हलवलं की हे पायलटचं तेल जाऊन मोठा व्हॉल्व्ह सरकवतं. आणि या धाकट्या वाटेच्या तोंडावर विजेचा एक पहारेकरी बसवलेला असतो, तो सोलेनॉइड. सीटच्या डाव्या बाजूचा लॉक लिव्हर खाली केला की त्याला करंट मिळतो, तो टक् असा वाजून उघडतो आणि तेल सोडतो. लिव्हर वर केला की बंद. मग चढता-उतरताना हँडलला धक्का लागला तरी मशीन हलत नाही. म्हणजे एवढं लोखंड चालतं ते शेवटी एका बारीक वायरीच्या भरवशावर.

उस्ताद म्हणायचे, बिघाड जिथे दिसतो तिथे तो असेलच असं नाही. त्यांचे प्रश्न ठरलेले होते. एकच काम बंद आहे, दोन-तीन बंद आहेत की सगळीच? एकट्या बकेटचा जोर गेला असेल तर बकेटचा सिलिंडर, त्याचं सील, त्याचा व्हॉल्व्ह एवढंच पाहा. पंपाला हात लावू नका. मशीन एका बाजूला ओढत असेल तर चालवणाऱ्या दोन मोटरींचे पाइप आपसांत बदला. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर मोटर चांगली आहे आणि खराबी मागे आहे. दोष जागचा हलला नाही तर मोटरच उघडा. अर्धा तास लागतो आणि फुकटचा खर्च वाचतो.

आमच्या उन्हाळ्याचा म्हणून एक वेगळाच आजार आहे. मशीन सकाळी पैलवान आणि दुपारी म्हातारी. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढे जातो. तेल तापून पातळ होतं, झिजलेल्या फटींतून आतल्या आत पळतं आणि जोर उतरतो. मालक घाबरून पंपाचा भाव विचारू लागतो. पण आधी तेलाची पातळी पाहावी. मग तेल थंड करणाऱ्या जाळीत धूळ आणि कापसाचं फुसकट किती बसलंय ते पाहावं. पंप कण्हल्यासारखा आवाज करत असेल आणि तेलावर दुधासारखा फेस असेल, तर ओढीच्या पाइपातून हवा येते आहे. फेस नसताना तेलच पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. हे सगळं पाहून झाल्यावरच गेज लावायचं, आणि पंपाचं नाव घ्यायचं ते गेजनं सांगितल्यावर.

आणि एक गोष्ट आम्हाला रोज सांगितली जायची. गळती हातानं चाचपायची नाही. आमच्या शेजारच्या वर्कशॉपमधल्या एका पोरानं पाइपाच्या सुईएवढ्या भोकावर बोट फिरवलं. लागलं काहीच नाही, मुंगी चावल्यासारखं झालं म्हणाला. पण त्या दाबाचं तेल कातडीतून आत जातं. संध्याकाळपर्यंत हात मनगटापर्यंत सुजला. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं, तरी एक बोट गेलंच. गळती पाहायची ती पुठ्ठा धरून. आणि पाइप खोलायचा तर आधी बकेट जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, हँडल चारी बाजूंनी हलवून आतला दाब उतरवून.

१९९९ मध्ये मी आर्णीला स्वतःचं दुकान टाकलं. पुढची काही वर्षं ट्रॅक्टर आणि थोड्या जेसीबी एवढंच काम होतं. २००६ मध्ये केंद्राची रोजगार हमी देशातल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाली, त्यात यवतमाळ होता. तिथेही ठेकेदार नको आणि होईल तितकं काम हातानंच, हा नियम कायम राहिला. पण डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं आणि २०१६ च्या सुरुवातीला मागेल त्याला शेततळे. नाला खोलीकरण, शेततळी, विहिरी, सगळं पावसाच्या आत उरकायचं. टिकास घेणारे हातही पुण्या-मुंबईकडे गेलेले. मग गावोगावच्या पोरांनी हप्त्यांवर मशीन घेतली. कोणी बाप-दाद्याची जमीन गहाण टाकून, कोणी आईचे दागिने मोडून. या धंद्याचे खरे दिवस फेब्रुवारी ते जून एवढेच. त्यात मशीन आठ दिवस बंद पडली तर हप्ता तटतो.

२०१८ च्या मे महिन्यात घाटंजी रस्त्यावरच्या एका गावातून फोन आला. मिनी विहिरीत उतरवलेली, चाळीस फूट खोल. सकाळी आठला एकाएकी सगळं बंद. पोरगा पंचविशीतला, आवाज रडकुंडीला आलेला.

"काका, पंप गेला मनतात. क्रेन बोलावतो म्हणे मालकाचा भाऊ."

"कोन मनते पंप गेला? इंजिन चालू हाये ना?"

"इंजिन एकदम बरोबर. हँडल कितीबी हालवा, ना बूम हालत, ना बकेट, ना चेन."

"समोरचं पातं उचलते का?"

तो थांबला. "ते उचलते ना, काका."

"मंग पंप जिता हाये. इंजिन बंद कर, वर ये, आन् कोनाले काही खोलू देऊ नोको."

त्या मशीनचं मातीचं पातं पायलटवर नव्हतं. त्याची दांडी थेट मोठ्या व्हॉल्व्हला जोडलेली होती. पातं उचलतं म्हणजे टाकीत तेल आहे, पंप दाब देतो आहे. बाकी सगळं एकाच क्षणी गेलं म्हणजे सगळ्यांच्या वाटेत जी एकच गोष्ट आहे तिथेच काही अडलं. धाकटी वाट बंद झाली होती. पंप बदलायचा तर लाख-दीड लाख, आणि क्रेनचं भाडं वेगळं.

मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. विहिरीला झरे चांगले लागले होते. पाणी उपसायला मोटर लावलेली, पण त्या आठवड्यात थ्री फेज दुपारी दोनपर्यंतच होतं. लाइन गेली की पाणी चढणार. चेन बुडाली तर फारसं बिघडत नाही, पण तासा-दोन तासांत पाणी बॅटरीपर्यंत आलं असतं. पोराचे वडील कठड्याजवळ उकिडवे बसून खाली पाहत होते. सातबारा त्यांच्याच नावावर गहाण होता.

"भाऊ, पानी वाढून रायलं," एवढंच ते म्हणाले.

पहिली गोष्ट, इंजिन सुरू करायचं नाही. विहीर म्हणजे तळाशी बंद असलेलं भांडं. डिझेलचा धूर त्यात साचला तर माणूस गुंगीत जातो आणि त्याला कळतही नाही. ब्लोअर तासभर चालू ठेवून मग मी यारीच्या पाळण्यातून उतरलो. सोलेनॉइड तपासायला इंजिन लागतच नाही. नुसती चावी फिरवायची, लॉक लिव्हर खाली-वर करायचा आणि ऐकायचं. वरच्या लोकांना गप्प बसायला सांगितलं. लिव्हर खाली केला. टक् आवाज आला नाही. पुन्हा केला. नाही.

फ्यूज चांगला होता. मीटर लावला तर सोलेनॉइडच्या जोडावर बारा व्होल्ट दाखवत होता. इथेच पुष्कळ लोक फसतात. बारा व्होल्ट आले म्हणजे वायर चांगली, सोलेनॉइड खराब, असं ठरवून नवा मागवतात. पण मीटर करंट घेतो नावापुरता. वायरीतला एक तार जरी शाबूत असला तरी मीटरला बारा दिसतात. सोलेनॉइडला मात्र एक-दीड अँपिअर लागतो. म्हणून मी हेडलाइटचा जुना बल्ब दोन वायरी लावून डब्यात ठेवतो. तो जोडला. बल्बात काजव्याएवढा लाल ठिपका दिसला, त्याहून जास्त नाही. म्हणजे करंट वाटेत अडत होता. बॅटरीच्या बाजूनं एकेका जोडावर बल्ब लावत आलो. लॉक लिव्हरच्या आधी लख्ख. नंतर मंद.

डाव्या बाजूची पेटी लिव्हरबरोबर वर उचलली जाते. विहिरीतल्या कामात ऑपरेटर दिवसातून वीस-वीस वेळा चढतो-उतरतो, आणि दर वेळी त्या पेटीखालची वायर एकाच जागी वाकते. वरचं प्लास्टिक अगदी नवं होतं. आत तांबं तुटलेलं. बोटांनी चिमटलं तर तेवढ्याच जागी ती वायर सुतळीसारखी मऊ लागली.

तेवढ्यात वरून मालकाच्या भावानं हाक दिली, "अबे, डायरेक्ट करून टाक ना! बॅटरीवरून सीधी वायर मार, दोन मिनिटांत होते."

झालं असतं, यात शंका नाही. पण मग तो लिव्हर नावालाच उरला असता. विहिरीच्या तळाशी मशीन आणि दगड भरणारा मजूर यांच्यात चार हातांचं अंतर असतं. ऑपरेटर उतरताना त्याच्या बाहीचा हँडलला धक्का लागला तर बूम फिरते, आणि मजुराला मागे सरकायला तिथे जागा नसते. मी वर पाहिलं. मजूर नवरा-बायको होते, कठड्याला टेकून भाकर खात होते. मी म्हटलं, "अर्धा तास लागते. पानी चढू द्या."

मेलेला तुकडा कापला, वीतभर जास्तीची वायर घेऊन जोड दाबले, त्यावर नळी चढवली आणि वाकायला सैल राहील असा वळसा देऊन बांधली. दोनला दहा मिनिटं असताना चावी फिरवली, लिव्हर खाली केला. टक्. चाळीस फुटांवरून पोराच्या वडलांनीही तो ऐकला. ते उठून उभे राहिले. मग इंजिन लावलं, बूम उचलली. लाइन गेली आणि पाणी चढू लागलं तेव्हा मशीन दगडांच्या ढिगावर चढून बसली होती. खर्च आला तो दीड हात वायरीचा आणि माझ्या मजुरीचा.

आता येणाऱ्या नव्या मशीनना पडदा असतो आणि बिघाड झाला की त्यावर आकडा येतो. तो आकडा सोलेनॉइडचं सर्किट तुटल्याचं सांगतो, आणि खरंच सांगतो. पण कुठे तुटलं हे सांगत नाही. काही मशीनमध्ये तर आतली माहिती पाहायला कंपनीचा लॅपटॉप लागतो, आणि तो घेऊन माणूस यायला चार दिवस. तोवर वायर शोधायची ती कोणाच्या तरी बोटांनीच. माझ्याकडे सध्या दोन पोरं शिकायला आहेत. त्यांना मी पहिला महिना पाना देत नाही. ऑपरेटरला काय काय विचारायचं तेवढंच शिकवतो, आणि बल्ब देतो.

त्या पोराचे हप्ते २०२१ मध्ये फिटले आणि सातबारा मोकळा झाला. दुसरी मशीन त्यानं घेतली नाही, एकीवरच आहे. दर वर्षी फेब्रुवारीत काम सुरू करण्याआधी तो डावी पेटी उचलतो, त्या वायरीवरून बोट फिरवतो आणि चावी लावून एकदा ऐकतो.